श्वास काढून टाका

"थांबवा. हा श्वास कुणाचा?"

निशिगंधाताई सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान. स्टुडिओचे मालक पंकजभिया माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी कॉम्प्युटरसमोर. ताईंच्या गणपतीच्या भजनांचा अल्बम तयार होत होता आणि त्यातलं एक गाणं मी त्यांना ऐकवत होते. अंतऱ्यात सूर वर चढतो, त्याच्या अगदी आधी एक श्वास ऐकू आला आणि ताईंनी हात वर केला.

"माझा नाही हा श्वास."

खरं होतं. तो माझा होता.

पंकजभिया हसले. "मैडम, ऊपर वाला सुर आपसे थोड़ा रह रहा था ना. तो वहाँ इसकी गाइड लगा दी है. किसी को पता नहीं चलेगा."

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून पंकजभियांनाच म्हणाल्या, "आवाज राहू दे, चलेगा. पण तो श्वास काढून टाका. देवघरात लागणार आहे हे गाणं."

यजमानांनी मान हलवली. मीही हलवली. मानेला सवय असते.

गाइड म्हणजे काय ते सांगते. नवी चाल गायकाच्या कानात बसावी म्हणून आधी कुणीतरी ते गाणं गाऊन ठेवतं. गायक हेडफोनमध्ये ते ऐकत ऐकत गातो. त्याचं रेकॉर्डिंग झालं की गाइड बंद. इंदूरच्या मल्हारगंजात भांड्यांच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता, तिथे मी एडिटर होते. दुसऱ्यांचे आवाज कापायचे, जोडायचे, सुरात आणायचे. गाइडही मीच गायची. ते कोणी काम म्हणून धरत नव्हतं. झाडू मारला, चहा सांगितला, गाइड गायली, असं.

ताई पहिल्या दिवशी फार गोड वागल्या होत्या. मराठी मुलगी आहे म्हणून खूश झाल्या. इंदूरमध्ये मराठी बोलणारं भेटलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. मग विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" सांगितलं. "मूळचे कुठले?" म्हटलं, "महूचे. पणजोबा पलटणीत होते." "अच्छा. अच्छा," त्या म्हणाल्या. त्या दोन अच्छांमध्ये काय बसवलेलं असतं, ते आमच्या घरातल्या लहान पोरालाही कळतं.

थोड्या वेळाने त्यांनी माइकपुढच्या जाळीकडे बोट दाखवलं. "ही बदलता येईल का? हिने यावरच गायलंय ना? हायजीनसाठी हो, बाकी काही नाही." सकाळपासून त्या जाळीवर किती तरी जण गाऊन गेले होते, एक तर सर्दीने बेजार होता. त्यांच्याबद्दल काही नाही. मीच उठून नवी जाळी लावली. वर विचारलं, "ठीक आहे ना, ताई?" अजून आठवतं आणि अंगाची आग होते.

तर आता श्वास. सगळे जेवायला गेले आणि मी एकटी बसले. श्वास पडद्यावर दिसतो. शब्दाच्या मोठ्या आकृतीआधी सुरवंटासारखी एक बारीक केसाळ रेघ असते. मी कुणाचाही श्वास पूर्ण काढत नाही, नुसता कमी करते. पूर्ण काढला तर गाणं कुणी माणसाने गायलंय असं वाटतच नाही. पण सांगणं पूर्ण काढायचं होतं. निवडायचा, डिलीट दाबायचं, कडा जुळवायच्या. पुढचा.

माझे पप्पा महूला भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गायचे. वरचा सूर घेण्याआधी इतका मोठा श्वास ओढायचे की भोंग्यातून तो अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू यायचा. आई घरातूनच म्हणायची, "बघ, आता उचलणार हे." आणि पप्पा उचलायचे. पप्पा गेले. त्यांचा आवाज कोणी रेकॉर्ड केला नाही, कुठेच नाही. माझा श्वास त्यांच्यासारखा आहे, ओढल्यासारखा, भुकेला. तो मी स्वतःच्या हाताने पुसत होते. रडू आलं. हेडफोनमध्ये गाणं चालू असलं की आपलं रडणं आपल्यालाही ऐकू येत नाही.

संध्याकाळी घरी आईला मोबाइलवर तो अंतरा ऐकवला. काही बोलले नाही, नुसता लावला. आई मेथी निवडत होती. वरचा सूर आला तशी तिने मान डोलावली.

"एकदम सही गाते ही. कोण बाई आहे?"

आईने मला ओळखलं नाही. जी माणसाला श्वासावरून ओळखायची, तिला पोटच्या पोरीचा आवाज कळला नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आहे एक बाई." आई परत मेथीकडे वळली. त्या स्वयंपाकघरात, आईपासून हातभर अंतरावर, मला जितकं एकटं वाटलं तितकं स्टुडिओच्या त्या बंद खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. ताईंनी मला काढलं नव्हतं. मीच मला काढलं होतं. त्यांनी फक्त सांगितलं होतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी स्टुडिओत गेले. अंतऱ्यातला माझा आवाज काढला. सगळ्या गाण्यांमधल्या माझ्या गाइड काढल्या, मूळ फायलींसकट. ताईंचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवलं, त्याला हातही लावला नाही. मग त्यांची वाट बघत बसले.

ताई आल्या, यजमान आले, पंकजभिया आले. मी गाणं लावलं. अंतरा आला. ताईंचा सूर वर निघाला, मधेच चिरकला आणि खाली बसला.

"हे काय आहे?" ताई म्हणाल्या.

"तुमचा आवाज आहे, ताई. श्वासासकट."

"आणि कालचा?"

"तो माझा होता. काढून घेतला."

पंकजभियांचा चेहरा उतरला. "बेटा, तमाशा मत कर. वापस डाल दे चुपचाप."

"गाते परत. पण अल्बमवर माझं नाव येईल. पूर्ण नाव, आडनावासकट. आणि श्वास राहील."

ताई हसल्या. राग आला असता तर बरं वाटलं असतं. त्या खरंच हसल्या. "गणपतीच्या भजनावर तुमचं आडनाव? अगं, लोक काय म्हणतील?"

"मग गणपतीला तुमचाच आवाज ऐकू द्या."

पंकजभिया हळूच म्हणाले, "कल से मत आना." मी हेडफोन टेबलावर ठेवले, डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले. खाली दुकानात भांडी खणखणत होती. कोणी थांबवलं नाही. कोणी थांबवेल असं वाटलंही नव्हतं, तरी शेवटच्या पायरीवर मी जरा रेंगाळले.

गणपतीत मी बडा गणपती चौकातून जात होते. मंडपाच्या भोंग्यावर तेच भजन लागलं होतं. पाय थांबले. अंतरा आला. वरचा सूर लख्ख लागला, पण तो ताईंचा नव्हता. दुसऱ्याच कुठल्या तरी मुलीचा, कोवळा. आणि त्याच्या आधी काहीच नाही. साफ कापलेलं. लोक हात जोडत होते, सेल्फी काढत होते. "ओ दीदी, साइड में हो जाओ," कोणीतरी म्हणालं. कुठल्या तरी खोलीत ती मुलगी मान हलवत बसली असेल. मला तिचं नाव कळायला मार्ग नाही. तेच तर करून ठेवलंय त्यांनी.

आता मी घरीच काम करते. आवाज घुमू नये म्हणून कपाटात गोधड्या टांगल्यात, त्यात उभी राहून गाते. दिवस दिवस कोणाशी बोलणं होत नाही. काम घेण्याआधीच सांगते की माझा आवाज वापरणार असाल तर नाव लागेल, पूर्ण, आणि श्वासाला कोणी हात लावायचा नाही. "थोड़ा एडजस्ट कर लो ना," असं कोणी म्हणालं की फोन ठेवते. बऱ्याचदा ठेवावा लागतो. ठेवते.