दसऱ्याची काच, पाडव्याची काच

बदनापूरच्या स्टेशनावर गाडी हलली, तरी आबा, माझे वडील, डब्याच्या दांडीला धरून चालतच राहिले. "पाडव्याला ये. न्हाई आलास तर तुझ्या जागी सालगडी ठेवतो," एवढंच म्हणाले. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला सुरू होतं, हे तुम्हा गाववाल्यांना काय सांगायचं! "पाडव्यापर्यंत एका चांदणीचं अंतर काढतो अन् येतो!" मी खिडकीतून ओरडलो. केवढी ती घमेंड!

हैदराबादच्या वेधशाळेत माझं काम आभाळाच्या फोटोंच्या काचा मोजायचं. काचेवर सगळं उलटं उमटतं: पांढऱ्या आभाळात काळे ठिपके, तेच तारे. दसऱ्याला एक काच घ्यायची, पृथ्वी सूर्याच्या पलीकडं गेली की पाडव्याला दुसरी. जवळची चांदणी तेवढ्यात लांबच्यांपुढून जराशी सरकलेली दिसते, अन् त्या सरकण्यावरून अंतर निघतं. पण दुसरी काच नेमकी पाडव्यालाच! गावी जाणार कसा?

गेलोच न्हाई. मंग आबाच आले, खांद्यावर घोंगडी अन् डोळ्यांत राग. मी त्यांना तसंच खिडकीशी उभं केलं. "हात लांब करून अंगठा धरा. एक डोळा मिटा, आता दुसरा." अंगठा बाहेरच्या चिंचेपुढून इकडचा तिकडं उडाला. आबांनी पुन्हा केलं, पुन्हा केलं, अन् खदखदून हसले. मंग मोजायच्या यंत्रात दोन्ही काचा दाखवल्या: दसऱ्याची एक डोळा, पाडव्याची दुसरा. एकीत चांदणीचा ठिपका यंत्रातल्या बारीक उभ्या तारेला टेकलेला, दुसरीत सुटलेला. "आयला, हाललीय की रे!" माझ्या अंगावर काटाच आला. सूर्याहून कितीतरी लांबची ती, अन् आमच्या आबांनी तिचं हलणं पाहिलं!

"मंग झालं ना काम? चल घरी."

माझा चेहरा उतरला. चांदणी स्वतःही चालत असते. तिचं चालणं अन् आपल्या पृथ्वीचं चालणं वेगळं काढायला अजून कैक वर्षं काचा घ्याव्या लागणार होत्या. सांगून टाकलं. आबा बराच वेळ आपला अंगठा बघत बसले.

संध्याकाळी गाडीत चढताना म्हणाले, "ठेवतो मंग सालगडी. तू बराबर मोज."

इतका आनंद अन् इतकं रडू मला एकदम कधीच आलं नव्हतं.

आता घरी पाहुण्यासारखा जातो. आमच्या रानात माझ्या जागी दुसराच औत हाकतो. आबा त्याला बांधावर थांबवतात अन् म्हणतात, "अंगठा धर, एक डोळा मिट. आमचा पोरगा ह्याच्यावर चांदण्या मोजून राह्यला."