हातातलं सामान कमी
मेडिकलच्या काउंटरवर दम्याचा पंप दिसला, की इंदूरच्या विमानतळावरची ती सकाळ आठवते आणि आजही माझं डोकं तापतं. आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती. आदल्या दिवशी सुदामा नगरच्या घरी भावाने मोबाइलवर प्रवासाच्या टिप्स आणि जवळ ठेवायच्या वस्तूंची लिस्ट वाचून तिची गच्च भरलेली पर्स पलंगावर उपडी केली. "हातात सामान कमी, तर टेन्शन कमी," म्हणत त्याने निम्म्या वस्तू मोठ्या बॅगेत टाकल्या. ती बॅग चेक-इन काउंटरवर देऊन आम्ही आत वेटिंग हॉलमध्ये येऊन बसलो, तोच फरशी पुसायच्या फिनाइलच्या उग्र वासाने आईला धाप लागली. पर्समध्ये पंप नव्हता. तिचे ओठ निळे पडत होते आणि हा म्हणतो, "रिलॅक्स, एसीत बसलो आहोत, होईल बरं!" मी त्याला ढकलून ओरडले, "किसी के पास दमे का पंप है क्या?" मागच्या रांगेतल्या एक बाई धावत आल्या. "लो बेटा, मेरा ले लो." थोड्या वेळाने आईची धाप कमी झाली. भाऊ पुटपुटला, "अरे यार, लिस्टमध्ये पंप नव्हता ना." आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिने त्याला तिथेच माफ केलं. मी अजून केलेलं नाही.