हरेश घरतचे माफीनामे

हरेश घरत जासईचा. पनवेलमधल्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत तो कागदपत्रांच्या टेबलावर बसायचा. दोन वर्षं कंत्राटावर काढली होती. तिसऱ्या वर्षी कायम करू, असं मॅनेजर इंद्रजीत सरांनी तोंडी सांगितलं होतं. घरी साळू, त्याची आई, कायम झाल्याचं पत्र हातात आल्यासारखीच वागत होती.

सरांची अट एकच होती. इंग्रजी सुधार.

म्हणून तो सुट्टीच्या दिवशी नवीन पनवेलला वसुंधरा मॅडमच्या क्लासला जाऊ लागला. मॅडम म्हणायच्या, पुस्तकी इंग्रजी सोडा, लोक रोज बोलतात ते बोला. चूक झाली तर 'माय बॅड'. काम हातून निसटलं तर 'आय ड्रॉप्ड द बॉल'. दोष अंगावर घ्यायचा तर 'इट्स ऑन मी'. एखाद्याला पुन्हा पुन्हा विचारून त्रास द्यायचा असेल तर आधी 'सॉरी टू बग यू'.

"आमी डोकं खातो, हे लोक किडा होतात," हरेश म्हणाला. मॅडमही हसल्या. त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं.

टेबलावरचे सीनियर चारुदत्त सर. एकदा त्यांनी कंटेनरच्या सीलचा नंबर चुकीचा टाकला. माल बंदराच्या गेटवर अडकला. ग्राहकाची तिखट मेल आली.

"हरेश, तू लिही रे उत्तर. तुझं ते नवीन इंग्लिश झाड जरा."

"पण नंबर तुमी टाकलाय, सर."

"अरे, नाव कोण बघतंय? त्यांना सॉरी हवंय. देऊन टाक."

हरेशनं लिहिलं. बॉल माझ्या हातून पडला, इट्स ऑन मी. खाली स्वतःचं नाव. ग्राहक तासाभरात निवळला. चारुदत्त सरांनी चहा मागवला. त्या दिवसापासून ऑफिसात त्याचं नाव पडलं माफीमास्तर. कोणाचंही काही चुकलं की मेल हरेशच्या खात्यातून जायची.

त्याला यात वावगं वाटलं नाही. त्याचा बाप गोमा गावात हेच करत आला होता. भावकीतल्या कोणी बांध कोरला, कोणी कोणाचं जाळं फाडलं, की गोमा समोरच्याच्या ओट्यावर जायचा. "चुकलं आमचं," म्हणायचा. तू केलंस का, असं त्याला कोणी विचारत नसे. पाणी यायचं, बसायला पाट यायचा, भांडण तिथंच मिटायचं. हरेशला वाटलं, जग असंच चालतं.

मार्चमध्ये चुकांना कंटाळून मोठा ग्राहक सोडून गेला. एचआरच्या रुचिरा मॅडमनी हरेशला बोलावलं. टेबलावर अकरा मेलच्या प्रती होत्या. इंद्रजीत सर शेजारी बसले होते.

"हे सगळं तूच लिहिलंयस?"

"लिहिलंय मीच. चुका माझ्या नाय, मॅडम."

"मग कबूल कशाला केल्यास?"

"ऑफिससाठी."

चारुदत्त सरांना आत बोलावलं. त्यांनी कागद चाळले. हरेशकडे बघितलं नाही.

"मॅडम, एक सांगतो. पोरगा प्रामाणिक आहे. चूक लपवत नाही."

इंद्रजीत सरांनी कागद गोळा केले. हरेशनं मनातल्या मनात वही चाळली. वहीत कबुलीचे सतरा प्रकार होते. मी केलं नाही, हे कसं म्हणायचं ते कुठंच नव्हतं. मराठीत म्हणता येत होतं, पण ते म्हणून झालं होतं.

कंत्राट संपलं. पुन्हा झालं नाही.

घरी गोमानं सगळं ऐकून घेतलं. "माफी मागितली म्हणून काढलं?" त्यानं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. साळू भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून बाहेर निघून गेली.

आता हरेश जासईजवळच्या एका यार्डाच्या गेटवर ट्रकचे नंबर रजिस्टरात लिहितो. क्लास सुटला. इथं इंग्रजी लागत नाही.

परवा त्यानं एका ट्रकचा नंबर चुकीचा लिहिला. गाडी सकाळपासून उन्हात उभी. ड्रायव्हर शिव्या घालत होता. सुपरवायझर रमेश रजिस्टर घेऊन आला.

"कोणी लिहिलाय हा?"

हरेशनं बरोबर काम करणाऱ्या प्रणितच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. प्रणित डबा खायला गेला होता. रमेशनं खिशातून पेन काढलं आणि प्रणितचं नाव लिहून घेतलं.