स्टाफ म्हणून बसलेले

काल बाबांचा शर्ट मशीनमध्ये टाकताना खिशात एसटीचं चुरगळलेलं तिकीट सापडलं आणि तीन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. खोपट डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेल्या बाबांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघालेली. घोडबंदर रोडच्या हॉस्पिटलात एसी इतका गार, की बाबांनी मफलर काढलाच नाही. तरुण डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "काका, शरीरात पहाऱ्यावरच्या पेशी असतात. बिघडलेली पेशी दिसली की मारतात. पण या गाठीच्या पेशी त्यांना खुणावतात, आम्ही घरच्याच, आणि सुटतात." बाबा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे स्टाफ म्हणून बसलेत." बाईंना कळेना. "अहो डॉक्टर, एसटीत नुसतं 'स्टाफ' म्हटलं की कंडक्टर तिकीट मागत नाही. कितीतरी फुकटे तसेच जातात." त्या हसल्या. "बरोबर. या औषधाने पहारेकऱ्यांना ते 'स्टाफ' ऐकूच येणार नाही." "मग उतरवतील," बाबा म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली. गाठ आता बोराएवढी उरलीय. पण रिटायर झाल्यावरही हक्काने 'स्टाफ' म्हणून बसणारे बाबा हल्ली गुपचूप तिकीट काढतात, हे मला काल कळलं.