डेलियाच्या कुरणातला पलंग

डेलिया कॉन्सिडाइनच्या कुरणात हजारो वर्षांपूर्वीचं एक दगडी थडगं आहे. आम्ही त्याला पलंग म्हणतो. कुणी एक पळून आलेलं जोडपं तिथे एक रात्र निजलं होतं म्हणे. तेव्हापासून बाई ज्या पुरुषासोबत त्या दगडांत शिरेल, त्याची पहिली मागणी तिला नाकारता येत नाही.

डेलिया असलं काही मानत नाही. फक्त शेजारच्या मर्टी हॅलोरनला अठरा वर्षांत तिने तिकडे फिरकू दिलं नाही. मर्टी दर रविवारी चर्चमधून थेट तिच्याकडे चहाला येतो, तिने भाजलेले दोन स्कोन खातो आणि निघताना टोपी चाचपत म्हणतो, "पलंगाजवळची भिंत एकदा दोघांनी बघायला हवी."

"भिंतीला काही झालेलं नाही."

लग्नाचं विचारायला त्याला नकार मिळणार नाही अशीच जागा हवी होती. आणि दगडांच्या धाकाने हो म्हणायला डेलिया तयार नव्हती.

मार्चमध्ये तिची मेंढी नेमकी थडग्यात शिरली आणि विताना अडली. डेलियाची बोटं संधिवाताने आखडलेली. मर्टीला बोलवावंच लागलं. मी शेजारीण, गरम पाण्याची बादली घेऊन मागोमाग गेले.

मर्टी रांगत आत शिरला. डेलिया मेंढीचं डोकं धरून बसली, चेहरा पांढराफटक.

"डेलिया," तो म्हणाला.

"बोल."

"ती दोरी दे गं लवकर, पाय मागे अडकलाय!"

तिने दोरी दिली. कोकरू बाहेर आलं, शिंकलं. मर्टी हसला, आणि मग त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"दोरी मागितली ती पहिली मागणी धरत नाहीत ना?" त्याने मलाच विचारलं.

"मागितलीस, मिळाली. संपलं," डेलिया म्हणाली.

बादली उचलून तो आमच्या मागून असा आला, जणू कोकरू दगावलंय. स्वयंपाकघराच्या दाराशी डेलिया थांबली.

"इथेही विचारता येतं, मर्टी. इथे मला नाही म्हणायची मुभा आहे, एवढंच."

"म्हणशील?"

"आधी ते चिखलाचे बूट काढ."

एक निघाला, दुसरा निघेना. तसाच एका पायावर डुगडुगत त्याने अखेर विचारलं, "डेलिया, लग्न करशील माझ्याशी?"

"दुसराही काढ," ती म्हणाली. "घरचा माणूस बगळ्यासारखा उभा बरा दिसत नाही."