शिळं पाणी

हमदुल्लाचाचांना बाटलीतल्या पाण्याचा मनस्वी तिटकारा. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं टँकर चालवताना उन्हात तापलेलं तसलं पाणी ते प्यायले होते. परत आल्यावर त्यांनी आधी घरची विहीर उपसून बांधून काढली. तेव्हापासून घरी येईल त्याच्या हातात ताज्या पाण्याचा पेला. नको म्हटलं तर रुसायचे. मी त्यांची पुतणी, पण मलाही सूट नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या खाडीत मेलेले मासे तरंगू लागले. वरच्या अंगाला नवा कारखाना आला होता. चाचा म्हणाले, "काशिफा, तू मुंबईला लेझरवर काम करतेस ना? मग आपल्या पान्यात काय हाय ते सांग."

मी ओटीवरच्या झोपाळ्याकडे बोट दाखवलं. वेळ साधून ढकललं तर झोका चढतो, अवेळी ढकललं तर मोडतो. प्रत्येक रसायनाचे रेणूही आपापल्या तालात थरथरतात. आम्ही लेझरचे झटके नेमक्या एका तालात बसवतो. मग हवं तेच रसायन जोरात थरथरतं आणि पडद्यावर त्याचं टोक उभं राहतं.

"म्हंजे बाकीचे झोपाळे गप?" चाचांनी विचारलं. त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजायचं.

मी दोन बाटल्या दिल्या. रिकामी होती ती खाडीच्या पाण्यासाठी. दुसरीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी होतं. ती न उघडता तशीच परत पाठवायची होती, कारण खाडीच्या मापातून तिचं माप वजा करायचं होतं. हे कारण मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि माझ्या त्या आळसाची मला आजही चीड येते.

वजाबाकीनंतर पडद्यावर टोक नव्हतं. रेघ उलट शून्याच्या जराशी खालीच गेली होती. मी ते यंत्राच्या माथी मारलं आणि फोन करून सांगितलं, पाणी स्वच्छ आहे.

दहा दिवसांनी चाचांची सून मिस्बाह फोनवर हसत म्हणाली, "तुझी ती भरलेली बाटली अब्बांनी ओतून दिली, ठावं हाय? म्हनाले, पोरीनं शिळं पानी धाडलंय. मग आपल्या विहिरीचं ताजं भरलं."

मी हसले नाही. त्याच दुपारी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या तपासल्या. टोक दोन्हींत होतं. विहिरीचं खाडीपेक्षा उंच होतं.

लगेच मिस्बाहला फोन लावला. तिला सातवा महिना होता. "विहिरीचं पाणी पिऊ नकोस," मी म्हणाले. "कुणालाच देऊ नका."

"अगं, दोन्ही बाटल्या तपासून तूच तर पानी साफ हाय म्हनालीस. तवापासनं सगळी वाडी आपल्याकडंच भरते."

तेवढ्यात मागून चाचांचा आवाज आला. "काशिफा हाय काय? तिला थांब म्हन. आधी तो पेला संपव."