पडलेला प्लग

बाबांनी रिटायर झाल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडीची कामं शिकायला घेतली. चारकोपच्या आमच्या सोसायटीत आमची जुनी छोटी गाडी जिन्याजवळच उभी असते. तिचं ऑइल त्यांनी बदललं, एअर फिल्टरही बदलला आणि दोन्ही वेळा जमलं. त्यामुळे त्या रविवारी सकाळी स्पार्क प्लग बदलायला ते एकटेच खाली गेले.

दुपारी मुलुंडला मावशीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. आई पैठणी नेसून तयार होती. ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. तेवढ्यात मला बाबांचा फोन आला. "गो, जरा खाली ये. आईक सांगू नको."

मी खाली गेले. गाडी चालू होती, पण हिवताप भरल्यासारखी थडथडत होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. बाबांच्या कपाळाला काळं लागलेलं.

"आपण मेकॅनिकला बोलवू या ना," मी म्हटलं.

"नको. तो हसतलो."

मग मला स्टिअरिंगवर बसवून ते बॉनेटखाली वाकले. "दी! आणखी दी! आता सोड!" मी ॲक्सिलरेटर दाबत होते, सोडत होते. बॉनेटआडून त्यांची फक्त टोपी दिसत होती. लहानपणी मला सायकल शिकवताना ते असेच ओरडायचे, आणि मी पडले की माझ्याआधी त्यांचाच चेहरा पडायचा.

वरून आईची हाक आली, "मी रिक्षा बघू काय?"

"पाच मिनिटां!" बाबा ओरडले.

मी म्हटलं, "बाबा, काल गाडी ठीक होती. म्हणजे आज जिथे हात लावलात तिथेच काहीतरी आहे."

त्यांना ते पटलं. गाडीला चार प्लग, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला ठिणगीची वीज पुरवणारी एक कॉईल. बाबा एकेका कॉईलची वायर काढून गाडी चालू करून बघायला लागले. पहिली काढली तर थडथड वाढली. दुसरी काढली तरी तेच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा प्लग आधीपासूनच काम करत नव्हता.

"कॉईल गेली," बाबा हळहळले. पण खात्री करायला आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉईलची अदलाबदल केली. तरी तिसरीकडची बोंब तिसरीकडेच राहिली. म्हणजे कॉईल चांगली होती.

इंजिन थोडं निवल्यावर बाबांनी तो नवा प्लग बाहेर काढला. टोकाशी जी बारीक फट असते, जिच्यातून ठिणगी उडते, ती दबून पार बंद झाली होती.

"बाबा, हा पडला होता का?"

ते प्लग फडक्याने पुसत राहिले. "पडलेलो. पण पुसून लावलंय ना!"

मला हसू आवरेना. मग तेही हसले, अगदी खोकला येईपर्यंत. जुना प्लग खोक्यातून काढून त्या जागी बसवला, तोही या वेळी दोन्ही हातांनी धरून. चावी फिरवली. गाडी शांतपणे चालू झाली आणि थडथड थांबली.

आई खाली आली. तिने बाबांचं कपाळ बघितलं आणि पर्समधला रुमाल काढून पुसलं. "शर्ट तरी बदला," एवढंच म्हणाली.

मुलुंडला आम्ही पोचलो तोवर ओटी भरून झाली होती. मावशी रुसली, मग करंज्या बघून विरघळली. बाबा पुरुषांच्या घोळक्यात सगळ्यांना कॉईलची अदलाबदल समजावून सांगत होते. प्लग पडल्याचं मात्र गाळून. मी लांबून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसून पुढ्यातल्या भातावर वरण ओतून घेतलं.